खडूची गोळी कुणाची

चटणी डंकावरून कुटून आली की गल्लीत वेगळी दवंडी पिटायला लागत नसे. पट्टणशेट्ट्यांच्या दारावरून जाणारा माणूस आधी शिंकायचा आणि मग विचारायचा, "झाली व्हय चटणी?" वर्षाची चटणी दोन्ही घरांची मिळून एकदाच कालवायची आणि मग सारखी वाटायची, हा नियम थोरले पट्टणशेट्टी गेल्यापासूनचा. सिद्धाप्पाचा संसार माडीवर आणि नागाप्पाचा खाली, चुली दोन झाल्या, भांड्यांवरची नावं दोन झाली, पण चटणी एकच राहिली. एकाची जहाल आणि एकाची मिळमिळीत असं पै-पावण्यांत कुणी बोलू नये. शिवाजी पेठेत दुकान मिरची-मसाल्याचं, तेही दोघांच्या भागीत. तेव्हा हा चवीचा नव्हे, इभ्रतीचा प्रश्न होता.

कालवायचा मान अक्काताईचा. दोघा भावांची ही थोरली बहीण ऐन विशीत विधवा होऊन निपाणीहून माहेरी आली आणि मग ह्याच घरची झाली. एक दिवस माडीवर जेवायची, एक दिवस खाली. एकादशीला कुठंच जेवायची नाही, म्हणजे कुणाकडं जास्त झालं असं नको.

भल्यामोठ्या परातीसमोर ती कोपरापर्यंत लाल होऊन बसली होती. भोवती दोन्ही भावजया. सिद्धाप्पाची शांतव्वा तळलेलं खोबरं चुरत होती, नागाप्पाची चिमणाबाई धने पाखडत होती. कस्तुरी, म्हणजे शांतव्वाची लेक, लसूण सोलत होती, पण तिचं चित्त लसणात नव्हतं. उद्या दवाखान्यात पुण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई यायच्या होत्या. वर्षभराचं काम तपासून कस्तुरीला पुढं ठेवायचं की घरी पाठवायचं, हे त्या ठरवणार होत्या.

कागदावर तिचं पद चांगलं भारदस्त होतं, संशोधन समन्वयक. पेठेत तिला 'गोळ्याची बाई' म्हणत. मोठ्या दवाखान्यात ब्लडप्रेशरच्या एका नव्या गोळीची पारख चालली होती. निम्म्या पेशंटना नवी गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषधाचा कण नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे पेशंटला ठाऊक नाही, कानिटकर डॉक्टरांना नाही आणि कस्तुरीलाही नाही. माणसं गोळा करायची, त्यांना हे सगळं समजावून अंगठा किंवा सही घ्यायची, गोळ्यांच्या बाटल्या द्यायच्या, दर पंधरवड्याला प्रेशर मोजायला बोलवायचं, जो येणार नाही त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि उरलेल्या गोळ्या मोजून घ्यायच्या, हे तिचं काम. लग्नाची दोन स्थळं ह्या कामापायी परत गेली होती आणि तिसरं यायच्या बेतात नव्हतं. तिला हे काम मनापासून आवडत होतं, हे घरात फक्त अक्काताईला ठाऊक होतं.

पेशंट कमी पडले तेव्हा कानिटकरांनी तिच्या आप्पांना आणि काकांनाही घेतलं. "घरचे असले म्हणून काय झालं, प्रेशर तर खरं आहे ना?" असं ते म्हणाले. अट एकच घातली, की त्या दोघांच्या गोळ्यांना कस्तुरीनं हात लावायचा नाही. तिनं ती अट सोवळ्यासारखी पाळली. बाटल्या आणून सरळ अक्काताईच्या हातात दिल्या आणि पुन्हा त्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही. तरी साऱ्या पारखीत सगळ्यांत इमानी पेशंट कोण, तर हे दोघे भाऊ. एक गोळी चुकली नाही की एक जास्त उरली नाही. फुटबॉलची मॅच असली की नागाप्पाचं प्रेशर चढायचं तेवढंच. कस्तुरीनं त्याच्या नावापुढं 'मॅच' असा शेरा मारला, तर कानिटकरांनी विचारलं होतं, हा कुठला आजार.

चिमणाबाईनं सूप खाली ठेवलं.

"कस्तुरे, एक विचारू?"

"विचारा की काकी."

"तुझ्या बापाला खरी गोळी आन् आमच्या ह्यास्नी खडूची. व्हय का न्हाय?"

लसणाची पाकळी कस्तुरीच्या हातातून सुटून परातीत गेली.

"काकी, मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नसतंय."

"असं कसं? गेल्या आठवड्यात ह्यास्नी दुकानात चक्कर आली. पोत्यावर बसले म्हणून बरं, न्हायतर पडले असते. आन् तुझा बाप जोतिबाचा डोंगूर चढून आला. चढून आला ते आला, वर आणि येऊन सांगतोय, अजून एक डोंगूर असता तर चढलो असतो."

"त्येंची तब्येतच तशी हाय," शांतव्वा खोबऱ्यात मान घालून म्हणाली. तिच्या आवाजात असं काही तूप होतं, की चिमणाबाईच्या जिवाची लाही झाली.

"ऐकलंसा? तब्येत म्हणे. गोळी हाय ती, जाऊबाई. लेक दवाखान्यात असल्यावर बापाला खडू कोण दील?"

एवढ्यात दुकान बंद करून दोघे भाऊ आत आले. नागाप्पा दारातच तीनदा शिंकला. बायकोचा चेहरा पाहून विषय कुठला ते त्याला कळलं, कारण हा विषय त्याच्या घरात आठवडाभर शिजत होता.

"मीबी तेच म्हणतोय," तो म्हणाला. "आता बघ पोरी, माझ्या दुकानातल्या डब्यात काय हाय ते मला म्हाईत नसलं तर गिऱ्हाइक माझ्या दारात उभं ऱ्हाईल का?"

"तसं नाही काका. आम्हाला कळलं तर आम्ही खऱ्या गोळीवाल्याकडं निराळं बघू. त्याला म्हणू, बरं वाटतंय ना? आणि तो म्हणेल, वाटतंय. म्हणून मुद्दाम लपवतात."

"म्हंजे तुला पगार देत्यात तो काय म्हाईत नसल्याचा?"

कस्तुरीनं जरा विचार केला. "व्हय," ती म्हणाली. "तसंच म्हणा."

"अशी नोकरी मला का न्हाय मिळाली गा, आण्णा?" नागाप्पा थोरल्या भावाकडं वळला. "मला लई गोष्टी म्हाईत न्हाईत."

सिद्धाप्पा टोपी खुंटीला अडकवत होता. तो बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो मिशीत हसला. बोलणं खपवून घेतलं जातं, मिशीतलं हसू खपत नाही.

"हसतोय बघा, हसतोय," चिमणाबाई म्हणाली. "आतनं कळलंय ह्येला."

"मला कुणी काय सांगिटलं न्हाय," सिद्धाप्पा म्हणाला. "पण माणसाला आपलं अंग कळतंय की. गोळी पोटात गेली की मला कसं हलकं वाटतंय. खडूनं हलकं वाटंल का?"

"आप्पा," कस्तुरी म्हणाली, "खडूनंसुद्धा वाटतं. तेच तर बघायचं असतंय."

हे कुणालाच पटलं नाही. शांतव्वालाही नाही, नवऱ्याचा डोंगर खडूवर चढून झाला असं म्हणणाऱ्या लेकीकडं तिनं परक्यासारखं पाहिलं.

"माझं म्हणणं एवढंच," चिमणाबाई म्हणाली, "की सा म्हयने त्येंनी खाल्ली खरी, आता सा म्हयने आमच्या ह्यास्नी द्या. बाटल्या बदला. हाय काय त्यात?"

"तसं करता येत नाही काकी. आणि नव्या गोळीचा त्रासही होऊ शकतो. आधीच सांगितलं होतं मी सगळ्यांना. काहींना लघवीला लई जावं लागतं, काहींच्या पायात गोळे येतात."

शांतव्वाचे हात थांबले.

"पायात गोळे?" ती म्हणाली. "परवा पहाटे ह्येंच्या पोटरीत गोळा आलता. मी तेल चोळलं."

"डोंगूर चढल्यावर येणारच," चिमणाबाई म्हणाली.

"डोंगूर न्हवं, गोळी ती. कस्तुरे, तुझ्या बापाला नगं असली गोळी. खडूच दे त्येला. खडूनं कुणाचं वाईट झालंय का आजवर? शाळेतली पोरं खात्यात."

"आता कळलं व्हय?" चिमणाबाईचा सूर एकदम फिरला. "मग आमच्या ह्यास्नी कशाला ती आणि? आमची आपली खडूचीच बरी बाई."

"आत्ताच तर खरी मागत होतीस तू."

"मला कुठं म्हाईत होतं पोटरीचं?"

आता दोघी जावा आपापल्या नवऱ्यासाठी खोटी गोळी मागू लागल्या. कस्तुरीला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण नागाप्पा उभा राहून सांगत होता, की उद्या तो स्वतः त्या पुण्याच्या बाईंना जाऊन विचारणार. पुतणी सांगत नाही, तर बाई सांगतील. दवाखान्यात सगळ्यांदेखत काकानं असा तमाशा केला की पुढच्या वर्षाचं नावच नको.

"गप बसा सगळी," अक्काताई म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. परातीतली चटणी ती खालून वर, खालून वर करत होती.

"कुणाला कमी न्हाय, कुणाला जास्ती न्हाय. दोघास्नी सारकंच पोचलंय."

"तुला काय म्हाईत, अक्का?" सिद्धाप्पानं विचारलं.

"मला न्हाय तर कुणाला? गोळ्या कोण देतंय तुमास्नी? पोरीनं दोन बाटल्या आणून दिल्या आन् म्हणाली, एकात खरं असंल, एकात नसंल, आपल्याला कळायचं न्हाय. शिवा शिवा. एका पोटाचे दोघं भाऊ, एकाला औषध आन् एकाला माती, असं माझ्या हातनं वाढायचं? मी दोन्ही बाटल्या त्याच दिवशी एका डब्यात वतल्या. चांगल्या हलवल्या. रोज त्यातली एक माडीवर, एक खाली. म्हयना संपला की उरलेल्या पुन्यांदा दोन बाटल्यांत सारक्या भरायच्या आन् दवाखान्यात मोजायला धाडायच्या."

दारावरून कुणीतरी शिंकत गेलं.

कस्तुरीला आधी फक्त एवढंच सुचलं, की म्हणूनच. म्हणूनच दोघांच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत. आख्ख्या पारखीत सगळ्यांत इमानी पेशंट म्हणून ज्यांचं नाव कानिटकर घेत, ते दोघे मिळून एकच पेशंट होते, आणि तोही कुठला ते देवाला ठाऊक.

"आत्ती," ती म्हणाली, "हे काय केलंत तुम्ही?"

"वाईट केलं व्हय?" अक्काताईनं हात थांबवून विचारलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती, खरोखरीचा प्रश्न होता.

नागाप्पा मात्र खुलला. तो खाली बसला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थोरल्या भावाच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "मग तू डोंगूर चढलास तो माझ्या निम्म्या गोळ्यांवर."

"आन् तुला चक्कर आली ती माझ्या निम्म्यांनी," सिद्धाप्पा म्हणाला, आणि दोघे हसले. बायकाही हसल्या. चिमणाबाईनं जावेला खोबऱ्याचा तुकडा दिला. घर इतकं एक झालं, की कस्तुरी एकटी पडली.

"मला उद्या हे सांगावं लागणार," ती म्हणाली.

"कुणाला?" चौघांनी एकदम विचारलं.

"पुण्याच्या बाईंना."

"येडी हायस काय," शांतव्वा म्हणाली. "नोकरी जाईल की."

"घरातली गोष्ट घरात," चिमणाबाई म्हणाली. "जाऊबाई खरं बोलत्यात."

"दोघांचं प्रेशर उतरलंय," नागाप्पा म्हणाला, "डाक्टर खूश, तू खूश, आम्ही खूश. मग दुखतंय कुणाला?"

रात्रंदिवस एकमेकांच्या वरवंट्याचा आवाज मोजणारी ही माणसं. आज त्यांचा सूर असा जुळला होता, की भजनात जुळत नाही. कस्तुरीलाही आत कुठंतरी वाटलं, दोनच तर माणसं. एवढ्या मोठ्या पारखीत दोन माणसं म्हणजे काय? पुढच्या वर्षी पुन्हा भल्या सकाळी निघावं, गारगोटीच्या एस.टी.त खिडकीशी बसावं, गावोगावच्या पेशंटांकडं जावं, चाँदबीच्या घरी चहा घ्यावा, गोळ्या का घेतल्या नाहीत म्हणून मौलाचाचांना दम भरावा. ह्या सगळ्यावर पाणी सोडायचं ते दोन माणसांसाठी, आणि तीही घरचीच.

ती लसूण सोलत राहिली. मग बापाकडं बघून म्हणाली, "आप्पा, एक सांगा. ब्याडगीच्या पोत्यात कुणी दुसरीच मिरची मिसळली आणि त्या पोत्यातली मूठ दाखवून ब्याडगीचा भाव ठरवला, तर?"

सिद्धाप्पाचं हसू विझलं. ह्या एका बाबतीत त्याला चेष्टा चालत नसे. असला माल त्यानं एकदा दारातून परत पाठवला होता आणि त्या व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नालाही तो गेला नव्हता.

"तो भाव खोटा," तो म्हणाला.

"ही गोळी कामाची आहे का नाही, त्याचा भावच ठरतोय दवाखान्यात. उद्या ती गावोगावी जाईल. आणि मूठ दाखवायला आपल्या घरातली आहे."

सिद्धाप्पानं परातीतली चिमूटभर चटणी उचलून बोटांत चोळून पाहिली. शांतव्वा त्याच्याकडं आशेनं बघत होती.

"सांगून टाक," तो शेवटी म्हणाला.

"अवो, पण पोरीची नोकरी," शांतव्वा म्हणाली.

"मिसळीचा माल आपल्या नावावर न्हाय जायचा," तो म्हणाला आणि टोपी नसलेल्या डोक्यावर टोपी नीट करायला हात नेला.

अक्काताईनं परातीवर झाकण घातलं. "मीबी येणार," ती म्हणाली. "मिसळलंय कुणी? मी. मग पोरीनं का बोलणी खायाची?"

दुसऱ्या दिवशी कस्तुरी एकटी जाणार होती. दवाखान्याच्या फाटकाशी पोहोचली तर रिक्षातून अक्काताई उतरत होती, मागच्या रिक्षातून दोघे भाऊ, आणि दोघी जावा के.एम.टी.च्या बसनं आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. चिमणाबाईनं डबा आणला होता.

पुण्याच्या रेगेबाई बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या निघाल्या. कस्तुरीनं सगळं उभ्यानंच सांगितलं. कानिटकर डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले. तिचं संपायच्या आत अक्काताई पुढं झाली.

"बाई, पोरीला ह्यातलं कायबी म्हाईत न्हवतं. डबा माझा, हात माझा."

"पण का मिसळल्या तुम्ही?" रेगेबाईंनी विचारलं.

"तुमास्नी भाऊ किती?"

"दोन."

"मग मला काय इचारता?" अक्काताई म्हणाली.

रेगेबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तिला खुर्ची दिली. मग त्या कानिटकरांना म्हणाल्या, "ही दोन नावं काढा. घरची माणसं घ्यायलाच नको होती, ती चूक तुमची." आणि कस्तुरीकडं वळल्या. "बाकीच्या घरांत काय चालतं?"

कस्तुरीनं रात्रभर ह्याच प्रश्नाची भीती बाळगली होती.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मी सगळ्यांना विचारत आले, गोळ्या घेता का. ठेवतं कोण आणि देतं कोण, हे कधी विचारलं नाही."

"मग आता विचारून या. सगळ्या घरांत." रेगेबाईंनी पेनचं टोपण लावलं. "ते होईपर्यंत तुम्ही इथंच आहात. पुढच्या वर्षाचं मी आज बोलत नाही."

म्हणजे नोकरी गेली नाही आणि राहिलीही नाही. कस्तुरीनं मान डोलावली. बाहेर आल्यावर शांतव्वानं पहिला प्रश्न केला, "ठेवलं का काढलं?" आणि कस्तुरीला खरं उत्तर देता येईना.

दोघा भावांना कानिटकरांनी आता नेहमीच्या, खात्रीच्या गोळ्या लिहून दिल्या. सिद्धाप्पाला एक आणि नागाप्पाला दीड, कारण त्याचं प्रेशर जास्त होतं.

"ह्येला दीड?" सिद्धाप्पा म्हणाला.

"असू दे, असू दे," नागाप्पा छाती काढून म्हणाला. "आजार मोठा हाय माझा."

चिट्ठ्या त्यांनी सवयीनं अक्काताईच्या हातात दिल्या. तिनं एक चिट्ठी एका हातात धरली, एक दुसऱ्यात. कस्तुरी बघत होती. मग अक्काताईनं एक शांतव्वाच्या पुढं केली आणि दुसरी चिमणाबाईच्या.

"तुमचं तुम्ही बघा गं आता," ती म्हणाली. "मला एकाला एक आन् एकाला दीड वाढता यायचं न्हाय."

दोघी जावांनी चिट्ठ्या घेतल्या आणि कधी नव्हे ते दोघींचे चेहरे उतरले. आजवर वाईटपणा सगळा अक्काताईच्या हाताला होता.

मंडळी फाटकाकडं निघाली. अक्काताई बाकावरच बसून राहिली. भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले होते. कस्तुरीनं जवळ जाऊन तिचा हात धरला, आणि तिला एकदम वाटलं, की ह्या दंडाला पट्टा कधी कुणी लावलाच नाही.

"आत्ती, चला आत. तुमचं प्रेशर बघू."

"माझं? मला काय धाड भरलीया?"

पारा वर चढला आणि जिथं थांबायला हवा होता तिथं थांबला नाही. कस्तुरीनं पुन्हा मोजलं. मग कानिटकरांना बोलावलं, त्यांनीही मोजलं. दोघा भावांपेक्षा ते पुष्कळ वर होतं आणि आजकालचं नव्हतं. रेगेबाईंनी स्वतः डोळे तपासले, पायावरची सूज दाबून पाहिली आणि गोळ्या लिहून दिल्या.

औषधांच्या खिडकीवरच्या इमामभाईंनी पुडी बांधून दिली. कस्तुरीनं ती अक्काताईच्या ओंजळीत ठेवली आणि वरून तिची बोटं मिटवली.

"रोज सकाळी एक. आख्खी. तुमची तुम्ही घ्यायची."

"खरी हाय का?"

"खरी आहे."

"सिद्धूला?"

"न्हाय."

"नागाप्पाला निम्मी?"

"न्हाय आत्ती. कुणालाच न्हाय. ही एकट्या तुमची."

अक्काताई मिटलेल्या मुठीकडं बघत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. बाहेर नागाप्पा रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता आणि चिमणाबाई डबा खायचा राहिला म्हणून हाका मारत होती.

"ह्ये जरा अवघडच हाय की गं," ती म्हणाली.